लामाचं उष्टावण

मंदीचा विषय निघाला की शारजातली आमची मराठी मंडळी एअरपोर्टच्या पार्किंगपासून सुरुवात करतात. धुळीत माखलेल्या गाड्या, तशाच लटकत राहिलेल्या किल्ल्या, कुणाला न सांगता विमानात बसलेली माणसं. ऐकून ऐकून माझे कान किटले. त्या गाड्या स्वतःच्या डोळ्यांनी कुणी पाहिल्या असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मग मी म्हणते, "माझ्याकडे मंदीतली खरी वस्तू होती. चार पायांची, लांब मानेची आणि तोंडावर थुंकणारी." झालं, सगळे गप्प. मी बोलत असताना समोरचे गप्प बसले की मला बरं वाटतं, लपवायचं कशाला?

तर २००८ साल संपत आलं होतं. मी दुबई मरीनातल्या एका उंच इमारतीत, घरं विकणाऱ्या ऑफिसात होते. घरं अजून बांधलेली नव्हती, पण त्यांच्या बाल्कनीतून समुद्र कसा दिसेल हे मी फोनवर रोज शपथेवर सांगत असे. एका सकाळी दाराला कार्ड लावलं तर हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. वॉचमननं माझा मग, चपला आणि गणपतीची छोटी मूर्ती एका खोक्यात घालून हातात दिली. मूर्तीला मात्र त्यानं हात जोडले आणि मगच खोकं बंद केलं, एवढं आठवतं.

आमचे अहो शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या कंपनीत होते. पाइप आणि व्हॉल्व्ह आणायचे आणि बांधकामवाल्यांना विकायचे, असा धंदा. बांधकामंच थांबली, मग पाइप कोण घेतो? ऑफिसातली माणसं एकेक करून घरी गेली. अहो राहिले, पण कंपनीनं दिलेला फ्लॅट गेला. कंपनीचा मालक स्थानिक अरब होता, सगळे त्याला आरबाब म्हणायचे, म्हणजे धनी. माणूस वयानं मोठा आणि मनानंही. तो मला म्हणाला, "सिस्टर, धैद गावाजवळ माझा फार्म आहे. बाहेरचं छोटं घर रिकामं आहे. तिथं राहा, फार्मवर लक्ष ठेवा. इन्शाल्ला, सगळं ठीक होईल."

अशी मी पुण्याची बाई, खजुराच्या झाडांत आणि वाळूत जाऊन पडले. लांब तपकिरी डोंगर, बाकी सगळा उजाड माळ. अहो आणि आमची मुलगी उजाडायच्या आत गाडीत बसून शारजाला जायचे, ते ऑफिसात आणि ती शाळेत. मग दिवसभर मी एकटी. फार्मवर बकऱ्या सांभाळणारा पेशावरचा एक म्हातारा चाचा होता, पण तो बकऱ्यांशीसुद्धा बोलत नसे. मला तर सकाळपासून तोंड चालवल्याशिवाय अन्न पचत नाही. भांडायलाही माणूस नाही, यासारखी शिक्षा नाही हो! नोकरी गेल्याचं दुःख मी तिथं पहिल्यांदा नीट करून घेतलं. ओट्यापाशी उभी राहून रडायची आणि भाजीत मीठ दोनदा पडायचं.

चांगल्या दिवसांत आरबाबनं हौसेनं लामांची जोडी आणली होती. लामा म्हणजे उंटाचा चुलतभाऊ, पण कुबड नसलेला, लोकरीचा, कान केळ्यासारखे वाकडे. मंदीत नर विकला गेला. मादी गाभण होती म्हणून मागे राहिली. थंडी संपता संपता ती व्यायली आणि व्यायल्यावर खाली बसली ती उठलीच नाही. बाजूला ओलं, काटकुळं पिल्लू उभं. चारही पाय चार दिशांना.

उंटांचे डॉक्टर आले. सुदानचे, दाराएवढे उंच, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. त्यांनी आईकडे बघून मान हलवली आणि पिल्लाकडे बघून बॅग उघडली. मी विचारलं, बॅगेत काय आहे? ते म्हणाले, "मॅडम, रात्रंदिवस दूध पाजावं लागेल. कोण पाजणार? हे इंजेक्शन त्याच्यासाठी सोपं आहे."

"हात तर लावून बघा," मी मराठीतच म्हणाले. त्यांना बरोबर समजलं.

माझ्याकडे मुलीचं चांदीचं बोंडलं होतं. पुण्याहून येताना सासूबाईंनी बॅगेत कोंबलेलं, मी तेव्हा कटकट केली होती. त्याच बोंडल्यानं त्या पिल्लाच्या तोंडात बकरीच्या दुधाची पहिली धार गेली. संध्याकाळी आपा बाटली घेऊन आली. आपा म्हणजे रत्नागिरीकडची, तिच्या नवऱ्याचं धैदच्या बाजारात चाऱ्याचं दुकान होतं. वयानं मोठी म्हणून मी तिला आपा म्हणायची आणि तिच्या नवऱ्याला भाई. तिनं पिल्लू बघितलं आणि कपाळावर हात मारला. "काय गो, हे उंट हाय का मेंढरू?"

"बाळ आहे," मी म्हणाले. तेच नाव पडलं.

डॉक्टरांनी जाताना एक गोष्ट बजावली होती. बाटली द्या आणि निघून जा. कुरवाळू नका, बोलू नका, घरात घेऊ नका. नर आहे, माणसाळला तर पुढे त्रास होईल. मी मान डोलावली आणि ते गेल्यावर अहोंना म्हणाले, "हे काय डॉक्टर आहेत? बाटली द्यायची आणि चालू पडायचं? आपल्याकडे पोस्टमनलासुद्धा नुसतं पाणी देऊन पाठवत नाहीत, हे तर तान्हं लेकरू!" अहो म्हणाले, "डॉक्टर शिकलेले आहेत." मी म्हणाले, "मग मी काय अंगठाछाप आहे?" विषय संपला.

बाळ माझ्यामागे फिरायला लागलं. मी पोळ्या लाटायची तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात पाय दुमडून बसायचं, तोंड मिटून "म्म्म" असा आवाज काढायचं. लामा असेच बोलतात, तोंड मिटून गुणगुणल्यासारखं. मी त्याला सगळं सांगितलं. माझा मरीनातला बॉस किती खोटारडा होता, नणंदेनं लग्नातल्या साडीवरून काय टोमणा मारला होता, अहो कसे मोजे सोफ्याखाली टाकतात. सगळं त्यानं ऐकून घेतलं. एकदाही "मुद्द्याचं बोल" म्हणालं नाही. असा श्रोता मला अख्ख्या संसारात मिळाला नव्हता. माझं रडणं कधी थांबलं ते मलाच कळलं नाही. भाजीत मीठ एकदाच पडायला लागलं, तेव्हा अहोंच्या लक्षात आलं.

आणि मग मी त्याचं उष्टावण केलं. हसा खुशाल. बाळ गवत चघळायला लागलं होतं, म्हणजे दूध सोडून पहिला घास. आपल्याकडे बाळाच्या पहिल्या घासाला मामा लागतो, सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवायला. भाईंना मी राखी बांधायची, तेव्हा मामा ठरलेलाच होता. बाळाच्या कपाळावर काजळाची तीट लावली, लोकर पांढरी असल्यामुळे ती छान उठून दिसली. मुलगी म्हणाली, "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग," आणि फोटो मात्र तिनंच काढले. भाईंनी टोपी सारखी केली, बिस्मिल्ला म्हणाले आणि अंगठीवर इवलीशी खीर घेऊन बाळाच्या ओठांना लावली. बाळानं कान मागे टाकले आणि भाईंच्या दाढीवर पचकन थुंकलं. हिरवं.

"मामाचा मान झाला," आपा म्हणाली, आणि हसता हसता खालीच बसली. फार्मवर इतकं हसू त्याआधी कधी ऐकू आलं नव्हतं. कधी नव्हे तो चाचासुद्धा हसला.

उन्हाळा आला तेव्हा डॉक्टरांनी बाळाची लोकर कातरून दिली. पाठीवर पाणी मारायचं नाही, पोटाखाली आणि पायांवर मारायचं, नाहीतर ओली लोकर आत वाफ धरते, हेही त्यांनीच शिकवलं. दुपारी मी पाइप घेऊन बाळाच्या पोटाखाली पाणी सोडायची आणि ते डोळे मिटून "म्म्म" करायचं. जेवायच्या वेळी खिडकीतून मान आत यायची. मी पोळीचा चतकोर हातानं भरवायची. डॉक्टरांना सांगायची नाही, एवढंच.

दुसऱ्या थंडीत ते माझ्यापेक्षा उंच झालं आणि तिसऱ्या थंडीत त्याचं वागणं पालटलं. अहो संध्याकाळी ऑफिसातून आले की बाळ दारात आडवं. कान मागे, नाक वर. अहो डावीकडून आले की तेही डावीकडे. एकदा ऑफिसच्या शर्टावर हिरवी पिचकारी बसली. आम्ही सगळ्या हसलो. आपा म्हणाली, "नवऱ्याला सवत आणलीस गो!" अहो शर्ट बदलत म्हणाले, "हसा. त्याच्या डोळ्यांत काही बरं दिसत नाही मला." मी मिठा-मोहरीनं बाळाची दृष्ट काढली. दुसरा उपाय मला ठाऊक नव्हता.

एका शुक्रवारी सकाळी अहो अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. बाळ मागून आलं. आधी गुडघ्याला चावलं, मग छातीनं धडक दिली. अहो खुर्चीसकट आडवे. आणि बाळ त्यांच्यावर बसून किंचाळायला लागलं. तो आवाज आजही माझ्या अंगावर काटा आणतो. मी झाडू घेऊन धावले, दिसेल तिथं हाणलं. बाळ उठलं, माझ्याकडे बघितलं आणि "म्म्म" म्हणालं. जसं काही विचारत होतं, तुझं काम मी केलं, मग मारतेस का? अहोंचं मनगट मोडलं होतं.

संध्याकाळी आरबाब आला, बरोबर डॉक्टर. तीच बॅग. डॉक्टर माझ्यावर ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते, पण ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, याला काही आजार नाही. हा स्वतःला माणूस समजतो. लामांचे नर मोठे झाले की आपसात असेच लढतात. हा तुमच्या मिस्टरांशी पुरुषासारखा लढला. उद्या आरबाबच्या नातवाशी लढेल."

आरबाबनं दोन्ही हात झटकले. "खलास, सिस्टर."

मी खूप बोलले. हिंदी, इंग्रजी, मराठी, तोंडाला येईल ते. हातानं भरवलं म्हणून जगलं, नाहीतर पहिल्याच दिवशी गेलं असतं, तेव्हा आता माझ्या लाडांना चूक म्हणू नका, हे मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते. कुणी ऐकत नव्हतं. डॉक्टर बॅग उघडायला लागले.

तेव्हा अहो पुढे आले. हात गळ्यात बांधलेला, गुडघ्याला पट्टी. साहेबांपुढे मान वर करून न बोलणारा माणूस. ते म्हणाले, "सर, याला नोटीस पिरियड तरी द्या. माझ्या बायकोला तोसुद्धा मिळाला नव्हता."

आरबाबनं त्यांच्या बांधलेल्या हाताकडे बघितलं. मग डॉक्टरांशी अरबीत बोलला. ठरलं ते असं. बाळाचं खच्चीकरण करायचं, फार्मच्या पार त्या टोकाला बकऱ्यांच्या कुंपणात सोडायचं. चारा चाचा लांबून टाकणार. कुणी हात लावायचा नाही, कुणी हाक मारायची नाही. त्याला लामा व्हायला जमलं तर राहील. उन्हाळा लागेपर्यंत माणसाच्या अंगावर येणं सुटलं नाही, तर इंजेक्शन. शाळेच्या नव्या वर्षाला आम्ही शारजात परत जाणारच होतो, कंपनीत पुन्हा पाइप विकले जायला लागले होते. म्हणजे आम्ही गेल्यावर त्याला आमच्याशिवाय राहता यायलाच हवं होतं.

"आणि मॅडम," डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं, "तुमचा आवाज त्याच्या कानावर पडता कामा नये."

मी आणि गप्प! अहो हसू दाबत होते, मोडलेल्या हाताचा माणूस!

पण मी राहिले गप्प. घरात कुजबुजायची, अंगणात खुणा करायची. अहोंना जेवायला बोलवायचं तर ताटावर चमचा वाजवायचा. मुलगी म्हणाली, "आई, इट्स सो पीसफुल!" तिला मी खुणेनंच दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन धपाटे. अहो म्हणाले, डॉक्टरांना घरी जेवायला बोलवायला हवं, वीस वर्षांत आपल्याला हे जमलं नाही. असे चिडवायचे, पण रात्री माझ्या डोक्यावर तो बरा हात ठेवून झोपायचे.

बाळ बकऱ्यांकडे बघतसुद्धा नव्हतं. कुंपणाच्या आमच्या बाजूच्या कोपऱ्यात येऊन उभं राहायचं, घराकडे तोंड करून. वारा इकडचा असला की "म्म्म" ऐकू यायचं. चाऱ्याला तोंड लावत नाही, असं चाचा भाईंना सांगायचा आणि भाई आपाला. मी कणकेत हात घालून उभी राहायची आणि दाराकडे पाठ करायची. त्याला वाटत असेल, हिनं टाकलं. मला ओरडून सांगायचं होतं, अरे, तुझ्याचसाठी! आणि ओरडायचीच तर बंदी.

एकदा असह्य झालं. गाजरांची पिशवी घेऊन निघाले. आपा दारात होती. तिनं पिशवी काढून घेतली आणि मला खाली बसवलं.

"माझी पोरं बघ," ती हळूच म्हणाली. "एक कतारला, एक मुंबैला, पोरगी तर पार आफ्रिकेत. हाक मारली तर धावत येतील, एवढी माया हाय. म्हणून काय रोज हाक मारू? तिथलं त्यांचं बस्तान कोण मांडणार मग?" आणि माझे डोळे स्वतःच्या ओढणीनं पुसले.

गाजरांची मी कोशिंबीर केली. आपाला दोनदा वाढली.

मग एका सकाळी खिडकीतून बघितलं तर तो कोपरा रिकामा. अहोंचा दंड धरून ओढत नेलं, लांबून, चाऱ्याच्या गठ्ठ्यांच्या आडून बघितलं. बाळ बकऱ्यांच्या मधोमध, सावलीत पाय दुमडून बसलं होतं. एक काळं करडू त्याच्या पाठीवर चढायचं, घसरून पडायचं, पुन्हा चढायचं. बाळ रवंथ करत समोर बघत होतं. आमच्या मुलीला पाठीवर घेऊन अहो बातम्या बघायचे, अगदी तसं.

त्यानंतर भटकी कुत्री आली. धैदच्या बाजूनं कळप यायचा, आधी दोन करडं नेली होती. पहाटे मला तीच किंकाळी ऐकू आली, अहोंच्या छातीवर बसून मारलेली. मी अंथरुणात उठून बसले, वाटलं, चाचाला पाडलं. संपलं सगळं. पण सकाळी चाचा स्वतःच घरी आला, जो कधी येत नसे. कुत्री कुंपणाखालून शिरली, बकऱ्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या आणि बाळ मध्ये उभं राहिलं. किंचाळलं, लाथा मारत धावलं, कुत्र्यांना आल्या वाटेनं पळवलं. चाचानं हे सगळं हात हलवून हलवून सांगितलं. एवढं तो वर्षभरात बोलला नसेल. त्याच्या चहात मी साखर जास्त घातली, आनंदानं दुसरं काय करणार?

ऊन तापायला लागलं आणि आरबाब, डॉक्टर, दोघं आले. आम्ही चौघं कुंपणापाशी गेलो. माझ्या पिशवीत गाजरं होती, का घेतली विचारू नका. आधी डॉक्टर आत गेले. बाळानं मान वर केली, बघितलं आणि बकऱ्यांबरोबर बाजूला सरकलं. मग आरबाब गेला, पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यात, म्हणजे अरबांच्या त्या पायघोळ झग्यात. काही नाही. मग अहो. मनगट नुकतंच मोकळं झालेलं, ते दुसऱ्या हातात धरून ते कुंपणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. बाळ चरत राहिलं.

मला वाटलं, झालं. मी डोळे पुसले. तर डॉक्टर माझ्याकडे वळले. "आता तुम्ही. आत जाऊ नका. इथूनच हाक मारा. पूर्वी मारत होतात तशी."

"कशाला?" मी तोंडातल्या तोंडात म्हणाले.

"आम्ही त्याचे कुणी नाही. तुम्ही आहात. तुमच्या हाकेला तो धावत आला, तर तो अजून माणूसच आहे. मग आज ना उद्या कुणालातरी पाडणार."

म्हणजे मी हाक मारायची आणि देवाला विनवायचं, की त्यानं येऊ नये. असलं मागणं कुणी आई मागत नसेल. मी हाक मारली. घशातून कसलातरी बारीक आवाज निघाला. इतके दिवस गप्प राहून आवाज गंजला होता, आणि थोडी लबाडीही होती, कबूल आहे.

अहो कुंपणातून ओरडले, "ही हाक झाली? तुझी हाक धैदच्या बाजारात ऐकू जायची! नीट मार. त्याला फसवून वाचवायचं नाही आपल्याला."

खरं होतं. उद्या दुसरं कुणी पडलं असतं. मी पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि होता तेवढा जीव ओतून हाक मारली.

"बाळा! ये रे, खाऊन घे!"

खजुरांवरचे पारवे उडाले. बाळाची मान ताडकन वर. दोन्ही कान माझ्याकडे. त्यानं ओळखलं. मला कुणी काही सांगू नका, त्यानं ओळखलं. ते एक पाऊल पुढे आलं. मग आणखी एक. डॉक्टरांनी आरबाबकडे बघितलं. मी कुंपणाची तार घट्ट धरली होती, हाताला लागत होती. मनात एकच चाललं होतं. नको येऊस. राजा, नको येऊस.

तेवढ्यात मागे ते काळं करडू ओरडलं. आता ते करडू राहिलं नव्हतं, चांगलं वाढलं होतं, पण ओरडणं तसंच हट्टी. बाळ थांबलं. मागे बघितलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. "म्म्म" म्हणालं, मला ऐकू आलं, आणि मान वळवून बकऱ्यांकडे चालू लागलं. एक कान तेवढा बराच वेळ माझ्या बाजूला राहिला. मग तोही वळला.

डॉक्टरांनी बॅग गाडीत नेऊन ठेवली. आरबाब म्हणाला, "खलास, सिस्टर, तो इथलाच," आणि माझ्याकडे न बघता चष्मा पुसत राहिला. माझी हाक कुणी ऐकली नाही आणि मी आनंदानं रडले, असं आयुष्यात एकदाच झालं. आनंदानं म्हणते, पण नुसता आनंद नव्हता.

अहो बाहेर आले. म्हणाले, "आता बोल. कितीही बोल." मी पिशवी पुढे केली. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, एक गाजर काढलं, पँटला पुसलं, मोडलं आणि अर्धं मला दिलं. कुंपणापाशी उभं राहून आम्ही दोघांनी ती सगळी गाजरं खाल्ली.